दहा बाय नऊची खोली आणि वीस वर्षांचा पाहुणा

पूर्वी आमच्या दापोडीत एका खोलीत सहा-सहा माणसे राहत. एस.टी.च्या वर्कशॉपमधले, खडकीच्या कारखान्यांतले कामगार दहा बाय दहाच्या खोलीत संसार करत. देव भिंतीवरच्या फळीवर, मुलांचा अभ्यास ओट्याखाली आणि पाहुणा आला की पुरुषमंडळी गॅलरीत. 'अमक्यासाठी वेगळी खोली' हा शब्दप्रयोग आमच्या पिढीला फक्त कादंबऱ्यांतून माहीत होता. आता जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत, त्यात एखादी जास्तीची खोली मिळते आणि ती कशासाठी वापरायची यावर घराघरांत चर्चा होते. कुणी व्यायामाची खोली करतो, कुणी ऑफिसची. अलीकडे एक नवीन प्रकार ऐकू येऊ लागला आहे, तो म्हणजे माशांच्या टाक्या आणि पाळीव सरपटणारे प्राणी यांच्यासाठी स्वतंत्र खोली. हा लेख त्या खोलीबद्दल आहे. हसू नका मंडळी, प्रश्न वाटतो तेवढा गमतीचा नाही.

आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे. नव्या घरात एक दहा बाय नऊची खोली जादा मिळणार आहे आणि विजेचे पॉइंट कुठे हवेत, नळ कुठे हवा हे बिल्डरला दिवाळीपर्यंत कळवायचे आहे. माझा नातू १५ वर्षांचा आहे. त्याने आलेखाच्या कागदावर या खोलीचा आराखडा काढला आहे. एका भिंतीला चार-चार फुटांच्या तीन टाक्या. समोरच्या भिंतीला काचेची तीन घरे. एकात बॉल पायथन म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर, दुसऱ्यात हिरवा इग्वाना, तिसऱ्यात लाल कानाचे कासव. आकृती सुरेख आहे, मोजमापे नीट लिहिली आहेत. चौतीस वर्षे मुलांचे पेपर तपासले, त्यामुळे आकृतीचे गुण मी पूर्ण दिले. उदाहरणाच्या उत्तरात मात्र गुण कापावे लागले, कारण या आराखड्यात लांबी, रुंदी, उंची सगळे आहे पण काळ नाही.

माझे मत आधीच सांगून टाकते. ही खोली द्यावी, मुलाला द्यावी, पण माशांसाठी द्यावी. सरपटणाऱ्यांसाठी देऊ नये. आता कारणे.

आधी माशांकडे वळू. टाकी म्हणजे काच आणि पाणी एवढेच आपल्याला दिसते. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत साधारण २५५ लिटर पाणी मावते, म्हणजेच २५५ किलो. त्यात काच, वाळू, दगड आणि खालचे स्टँड धरले की ३५० किलोंच्या घरात वजन जाते. राहत्या घराच्या जमिनीवर चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचा भार धरून बांधकाम करावे, असे आपले भारतीय मानक सांगते. या टाकीखालची जागा जेमतेम अर्धा चौरस मीटर. म्हणजे तेवढ्या जागेपुरता भार तिपटीच्या आसपास गेला. म्हणून लगेच स्लॅब कोसळेल असे नाही, कारण सगळी खोली काही एकाच वेळी भरलेली नसते आणि शेजारचा भाग भार वाटून घेतो. पण तीन टाक्या म्हणजे एक टनापेक्षा जास्त वजन आणि ते कायमचे. तेव्हा टाक्या खोलीच्या मध्ये न ठेवता तुळईवर, भिंतीलगत ठेवाव्यात आणि त्याआधी इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावे. इमारत उभी राहण्याआधी हा प्रश्न विचारायला काहीच खर्च येत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. मासे पाण्यातच खातात आणि पाण्यातच घाण करतात. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूत राहणारे जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट त्यामानाने सौम्य. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. नवी टाकी आणली, संध्याकाळी भरली, रात्री वीस मासे सोडले आणि आठवड्यात एकेक मासा उलटा तरंगू लागला ही कथा घरोघरी घडते, तिचे कारण हेच. लोक म्हणतात, मासे 'लाभत' नाहीत. लाभण्याचा यात काही संबंध नाही. जिवाणूंचे बिऱ्हाड बसायच्या आत आपण पाहुणे बोलावतो. तसेच फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला की नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते जिवाणू मरतात. तो टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात खळबळून घ्यावा.

साठलेले नायट्रेट काढायला दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलणे बरे. तीन टाक्यांचे ते साधारण १९० लिटर होते, म्हणजे १५ लिटरच्या बारा-तेरा बादल्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये दिवसाआड पाणी सुरू झाले तेव्हापासून आमच्या घरात पाणी बादलीने मोजायची सवय लागली. ज्या घरात पिंप भरून ठेवावे लागते त्या घरात तेरा बादल्या माशांच्या नावे लिहायच्या आधी घरातल्या बाईला विचारावे. एक टाकी ठेवली तर चार बादल्या लागतात. त्या परवडतात आणि काढलेले पाणी कुंड्यांना खत म्हणून उत्तम. माझा तुळशी-मोगऱ्याचा मतलब यात आहे हे कबूल!

तिसरी गोष्ट विजेची. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाण्याची सवय आपल्याकडे सगळ्यांना आहे. पंप बंद पडला की पाण्यात हवा मिसळणे थांबते. एप्रिल-मे महिन्यांत तर पाणी गरम, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. तेव्हा बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप घरात हवाच. हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवला असेल तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे वाहून येऊ शकते. त्यासाठी नळीत एकदिशा झडप बसवतात, किंमत अगदी किरकोळ. वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोळीसारखी सोडावी, म्हणजे ओघळणारे पाणी तिथूनच खाली ठिबकते, सॉकेटात शिरत नाही. खोलीला गळती-विद्युत रोखणारा वेगळा स्विच असावा. नातवाच्या आराखड्यात रंगीत एलईडी दिवे होते, हा स्विच नव्हता. आता आहे.

एवढे सगळे केले की माशांची खोली होऊ शकते, आणि तिचा फायदाही आहे. मुलाला रोज ठरल्या वेळी दुसऱ्या जिवाचे काही करावे लागते. चिमूटभर कमी खायला घालणे हे जास्त घालण्यापेक्षा अवघड असते, ते तो शिकतो. रसायनशास्त्राच्या पुस्तकातला नायट्रोजन त्याला डोळ्यांनी दिसतो. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारी मुले टाकीपुढे अर्धा-अर्धा तास बोलताना मी पाहिली आहेत. १९५१ साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि पुढच्या कितीतरी पिढ्यांच्या शाळेच्या सहलींत ते ठरलेले ठिकाण झाले. तिथल्या काचेला नाक लावून उभी असलेली मुले हलायचे नाव घेत नसत. ते कुतूहल खरे असते. घरात त्याला जागा मिळत असेल तर आजीने आड येऊ नये.

मग सरपटणाऱ्यांनीच काय घोडे मारले? काही नाही. त्यांच्याबद्दल मला किळस नाही. आम्ही नदीकाठची माणसे. पवना आणि मुळा यांचा संगम आमच्या उशाशी आहे. ऑगस्ट २०१९ ला आणि जुलै २०२४ ला पाणी चढले तेव्हा दापोडीतल्या खालच्या वस्त्या पाण्यात गेल्या. असे पूर आले की बिळांतून बाहेर पडलेली दिवड, धामण आमच्याकडे जिन्यात दिसते. आम्ही सर्पमित्राला फोन करतो, तो बरणीत घालून घेऊन जातो, आम्ही चहा करतो. तेव्हा भीतीचा प्रश्न नाही, हिशोबाचा आहे.

पहिला हिशोब हवेचा. माशांच्या टाक्यांमुळे खोलीत सतत बाष्प राहते, भिंतींना ओल धरते, म्हणून एक्झॉस्ट पंखा लावावा लागतो. सरपटणाऱ्या प्राण्याला स्वतःच्या अंगाची ऊब तयार करता येत नाही. त्याच्या घराचे एक टोक उबदार आणि दुसरे थंड लागते, म्हणजे तो गरजेप्रमाणे इकडून तिकडे सरकतो. इग्वाना, कासव यांना ऊन शेकायला हवे आणि त्या उन्हातले अतिनील किरण हवेत. ते नसतील तर कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडे मऊ पडतात, कासवाची पाठ वाकडी होते. खिडकीतून येणारे ऊन चालत नाही, कारण ते किरण काचेतून फारसे येत नाहीत. त्यासाठी खास दिवे असतात. त्यांतले नेहमीचे दिवे सहा महिने ते वर्षभरात बदलावे लागतात. दिवा पेटलेला दिसतो पण त्यातले कामाचे किरण संपलेले असतात. म्हणजे एकाच दहा बाय नऊच्या खोलीत एका भिंतीला गारवा, दुसऱ्या भिंतीला वैशाख! आणि गुरुवारी दोन्ही बंद.

दुसरा हिशोब आकाराचा. दुकानात इग्वाना वीतभर असतो, पुढे शेपटीसकट पाच-सहा फूट होतो. लाल कानाचे कासव रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडे मोठे असते, ते वाढून फूटभर होऊ शकते. या कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जिवाणू असतात, त्याने माणसाला जुलाब-ताप होतो. अमेरिकेत मुलांना फार त्रास झाला म्हणून १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवे विकायला बंदी घातली गेली, कारण लहान मुले तेवढी कासवे तोंडात घालत. पाच वर्षांखालची मुले आणि पासष्टीपुढची माणसे यांना हा धोका जास्त असतो. आमच्या घरात पासष्टीपुढची एक व्यक्ती आहे. ती सध्या हा लेख लिहिते आहे.

तिसरा हिशोब वयाचा, आणि माझ्या मते हाच मुख्य. बॉल पायथन नीट सांभाळला तर वीस ते तीस वर्षे जगतो. इग्वाना पंधरा-वीस. कासव तीससुद्धा. मी नातवाला आराखड्याच्या मागच्या बाजूला एक कोष्टक करायला लावले. आज नातू १५, त्याचा बाप ४८, मी ७४. अजगराला पंचवीस वर्षे मिळाली तर तेव्हा नातू ४०, बाप ७३ आणि मी ९९. तीन वर्षांनी बारावी झाली की नातू शिकायला बाहेर जाणार. पुणे, मुंबई, बंगळूर, कदाचित त्याहून लांब. वसतिगृहात अजगर नेता येत नाही. मग उरलेली बावीस वर्षे त्याच्या घराचे तापमान कोण बघणार? दर आठ-पंधरा दिवसांनी त्याला उंदीर कोण घालणार? (ते उंदीर आमच्याच फ्रीजमध्ये गोठवून ठेवायचे असतात, हे कळल्यावर सूनबाईंनी चर्चेतून अंग काढून घेतले.) कोष्टक पाहून नातू बराच वेळ काही बोलला नाही. हुशार मुलगा आहे.

१९८० च्या जानेवारीत पुण्यात नीलिमकुमार खैरे काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. साप उगाच चावत नाहीत हे लोकांना दाखवायचे होते, ते दाखवले आणि ते बाहेर आले. पुढे १९८६ साली कात्रजचे सर्पोद्यान त्यांच्याच खटपटीतून उभे राहिले. आमच्या नातवाच्या डोक्यात अशी काचेची खोली आहे. पण त्या खोलीला मुदत होती आणि हेतू होता. आपण घरात करतो त्या खोलीला मुदत प्राण्याच्या आयुष्याची असते. सापांची हौस असलेल्या मुलाने सर्पोद्यानात जावे, जाणत्या सर्पमित्राबरोबर हिंडावे, दूर राहून निरीक्षण करावे, वही ठेवावी. त्याला खोली लागत नाही.

कायद्याचीही गोष्ट सांगितली पाहिजे, कारण बऱ्याच सुशिक्षित घरांत ती माहीत नसते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. आपल्याकडचे जंगली साप, घोरपड, चांदणी कासव, नदीतले कासव यांतले काहीही घरात पाळता येत नाही. 'वास्तूला चांगले' म्हणून ठेवलेले चांदणी कासवसुद्धा गुन्हाच आहे. आपल्या पूर्वजांनी देवळात गाभाऱ्यासमोर दगडाचे कासव बसवले, ते शहाणेच म्हणायचे. परदेशी प्राण्यांचे काय? २०२२ च्या कायद्यातील दुरुस्तीनंतर, 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या परदेशी प्रजाती बाळगणाऱ्याने त्यांची नोंद करणे बंधनकारक झाले आणि २०२४ मध्ये त्याचे नियम आले. बॉल पायथन आणि हिरवा इग्वाना दोन्ही त्या यादीत आहेत. प्राण्याचा जन्म, मृत्यू, हस्तांतर सगळे कळवायचे. दुकानदार 'काही लागत नाही हो' म्हणाला तर त्याच्याकडे कागद मागावेत आणि कागद नसतील तर नमस्कार करून बाहेर पडावे.

आता या सगळ्याचा शेवट कुठे होतो ते सांगते. हौस फिटली, दहावीचे वर्ष आले, बदली झाली, प्राणी मोठा झाला की लोक तो नदीत सोडतात. त्यात पुण्य आहे असेही त्यांना वाटते. कासव ओंजळीत घेऊन, नमस्कार करून पाण्यात सोडणारी चांगल्या घरची माणसे मी आमच्या घाटावर पाहिली आहेत. पूर्वी गावात विहिरीत कासव सोडत, ते तिथलेच असे. हे लाल कानाचे कासव अमेरिकेतले. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे. ते इथल्या कासवांचे खाणे आणि ऊन शेकायची जागा बळकावते. काच साफ करतो म्हणून विकला जाणारा 'सकर' मासाही असाच. मूळ दक्षिण अमेरिकेचा, दीड फुटापर्यंत वाढतो, अंगावर काटेरी कवच. आमच्या दापोडीला पवना मुळेला मिळते, मुळा पुढे संगमवाडीला मुठेला, मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला आणि भीमा उजनीला. उजनीच्या जलाशयात हा सकर मासेमारांच्या जाळ्यांत येऊ लागला आहे. तो जाळी फाडतो आणि त्याला बाजारात भाव नाही. दापोडीत बादलीभर पाण्यातून केलेले पुण्य शंभर-दीडशे किलोमीटर खालच्या कुणाच्या तरी पोटावर येते. भीमा पुढे पंढरपूरला जाते हे वेगळे सांगायला नको.

यावर नातवाचा प्रतिवाद असा की, आजी, कुत्रासुद्धा बारा-पंधरा वर्षे जगतो, मग कुणी काहीच पाळायचे नाही का? प्रश्न रास्त आहे. पण कुत्र्याला घरातले कुणीही सांभाळू शकते, भाकरी-अंडे घालू शकते, आजारी पडला तर डॉक्टर जवळ मिळतो. नाहीच जमले तर मामाच्या गावाला पाठवता येतो. अजगराला मामा नसतो. ज्या जिवाचा सांभाळ घरातल्या एकाच माणसाला जमतो आणि तो माणूस जाणार हे आधीच ठाऊक असते, तो जीव घरी आणू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

तेव्हा मी मुलाला सुचवले आहे ते असे. खोलीत एकच चार फुटी टाकी, तुळईच्या रेषेत. शेजारी एक लहान टाकी, आजारी किंवा नव्या माशाला वेगळे ठेवायला. जमिनीला उतार आणि पाणी जायला जाळी, जवळ नळ, एक्झॉस्ट पंखा, वेगळा स्विच. मासे थोडे आणि कमी आयुष्याचे. आपल्या उपखंडातला झेब्रा डॅनिओ आहे, तीनेक वर्षे जगतो आणि जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्यावर संशोधन चालते. गप्पी आहेत, 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' हे भिंतीवरचे वाक्य वाचून आपण मोठे झालो. पण तेही परदेशीच, तेव्हा टाकीतून नदीत नको. सकर नको. काच मुलाने हाताने पुसावी. उरलेल्या भिंतीला पुस्तकांची फळी आणि एक खुर्ची. नातू शिकायला गेल्यावर बारा-तेरा नव्हे, चार बादल्या बदलायच्या असतील तर दोन मी भरीन, अर्ध्या-अर्ध्या. बाकीच्या त्याचा बाप भरेल.

ज्यांच्याकडे अशी जास्तीची खोली येणार आहे त्यांनी दिव्यांचे रंग निवडण्याआधी ते वयाचे कोष्टक जरूर करावे. कागद लागतो एक आणि वेळ लागतो दहा मिनिटे.